पत्र्याखालचा एप्रिल

24 एप्रिलच्या आसपास भर दुपारी बंगळुरूत माणसाची सावली पायाखाली जाते. शहर सुमारे 13 अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे वर्षातून दोनदा, एप्रिलच्या शेवटी आणि ऑगस्टच्या मध्यावर, सूर्य थेट डोक्यावर येतो. 2016 साली तर नेमक्या 24 एप्रिललाच पारा 39.2 अंशांवर गेला आणि जुना उच्चांक मोडला. गच्चीवर पत्रा टाकून हौसेनं सुतारकाम करणारा माणूस याच दिवसांत एसीच्या दुकानात शिरतो आणि विचारतो, “दहा बाय बाराला किती टनाचा लागेल?”

दुकानदार खोली मोजतो. मोजायला हवा पत्रा.

दहा बाय बारा फूट म्हणजे साधारण 11 चौरस मीटर. माथ्यावरचं निरभ्र ऊन दर चौरस मीटरवर जवळपास एक किलोवॅट ओततं. म्हणजे एवढ्याशा छपरावर 11 किलोवॅट! एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. तीन एसी लावले तरी ऊन वरचढच. त्यातलं सगळं आत येत नाही हे खरं, पण तापलेला पत्रा खालच्या माणसावर थेट अवरक्त किरणांचा मारा करत राहतो. एसी हवा गार करतो, पत्रा नाही. म्हणून आकडा 24 दाखवत असतानाही टाळू तापते. वरून पांढरा परावर्तक रंग दिला, तर नवा असताना यातलं तीन-चतुर्थांश ऊन आल्या पावली आकाशात परत जातं. खाली वीतभर पोकळी सोडून दुसरं छत घातलं की उरलेल्याचाही जोर मोडतो. माझ्या मते पहिला खर्च हाच, यंत्राचा नंतर.

दुसरी मदत फुकटची आहे. शहर समुद्रसपाटीपासून 900 मीटरहून उंच, त्यामुळे एप्रिलमध्येही रात्री पारा बावीस-तेविसापर्यंत उतरतो. रात्री एक्झॉस्ट फॅन चालू ठेवला तर विटांच्या भिंती तो गारवा साठवतात आणि दुपारपर्यंत पुरवतात.

नागपूरकर म्हणेल, कूलर लाव की! त्याचं चुकत नाही. एप्रिलच्या दुपारी 34 अंश आणि 30 टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर 21 अंश दाखवतो आणि बरा कूलर हवा चोवीस-पंचविसापर्यंत आणतो. त्यामागचं गणित पाहून मी थक्क होतो. एक लिटर पाणी हवेत विरताना सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता शोषून घेतं. तासाला पाचेक लिटर पाणी उडालं की एक टनाच्या एसीएवढं काम झालं! बंगळुरूला कावेरीचं पाणी सुमारे 100 किलोमीटरवरून, जवळपास 500 मीटर वर चढवून आणतात. तेवढ्या उंचीवर एक लिटर नेण्याचं निव्वळ काम पाच किलोज्यूल. तेच पाणी उडताना त्याच्या जवळजवळ पाचशेपट उष्णता घेऊन जातं. अर्थात मार्च 2024 मध्ये पिण्याच्या पाण्यानं गाडी धुतली तरी पाच हजारांचा दंड लावणारं हेच शहर. कूलरला पाणी पाजताना ते आठवणारच.

पण सुताराला कूलर नको, आणि कारण लाकडात आहे. कूलरची हवा गार होते ती ओली होऊनच. 30 टक्क्यांची आर्द्रता सत्तरीपार जाते. लाकूड ती ओल पिऊन घेतं आणि त्याच्या पेशींच्या भिंती फुगतात. काही आठवडे अशा हवेत राहिलेली फूटभर रुंद सागवानी फळी तीनेक मिलिमीटरनं रुंदावू शकते. लांबी मात्र जवळपास तसूभरही वाढत नाही, कारण पाणी तंतूंच्या मधे घुसतं, तंतू लांबवत नाही. परवापर्यंत सरसर सरकणारा ड्रॉवर अडतो तो बाजूंनी किंवा उंचीत, खोलीत कधीच नाही. रंध्याच्या पात्यावर गंज चढतो तो वेगळाच.

एसी ओल काढून घेतो. त्याचा जन्मच मुळी त्यासाठी. 1902 मध्ये विलिस कॅरियरनं पहिली यंत्रणा आखली ती ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी. तिथं दमट हवेत कागद फुगून रंग जागा सोडत होते. कामगारांना गार वाटलं, तो वरकड फायदा. तेव्हा पत्रा रंगवून झाल्यावरही गरज वाटली, तर एक टनाचा इन्व्हर्टर एसी घ्यावा. भुसा त्याच्या जाळीत बसतो, ती वरचेवर धुवावी. आणि भुसा ओढणारं यंत्र हवा खोलीबाहेर सोडतंय का, ते आधी पाहावं. तासाला हजार घनमीटर हवा ओढणारं यंत्र या खोलीतली सगळी हवा दोन मिनिटांत बाहेर फेकतं. मग एसी अख्ख्या गल्लीला गार करत बसतो.

राहिला प्रश्न थंडीत हीटर लागेल का, हा. जानेवारीत इथलं सरासरी किमान तापमान पंधरा-सोळा अंश, 7.8 चा नीचांक 1884 मधला. प्लेनरची एक हॉर्सपॉवरची मोटर पाऊण किलोवॅटचं काम करते आणि ते सगळं शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहतं. वेगळी शेगडी कशाला? ऊब खरी लागते ती पावसाळ्यात, आणि तीही हत्यारांच्या कपाटात. 22 अंशांची, 85 टक्के दमट हवा फक्त चार अंशांनी तापवली तरी आर्द्रता 67 टक्क्यांवर येते आणि गंजाचा वेग पडतो. त्याला जुन्या पद्धतीचा 15 वॅटचा पिवळा बल्ब पुरतो, भुशापासून लांब, जाळीच्या आड बसवलेला. एलईडी चालणार नाही. तो फारच कमी तापतो.