फी न घेणारे मास्तर

वेबपानांना रूप देणारी भाषा सीएसएस तिशीला टेकली. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने तिची पहिली आवृत्ती जाहीर केली ती डिसेंबर १९९६ मध्ये. हल्ली एआय अख्खं पान लिहून देतं, त्यामुळे नव्या पोरांचं तिच्यावाचून काही अडत नाही. परवा अशाच एका आयत्या पानावर ‘पुढे जा’चं बटन झकास दिसत होतं, पण टॅब दाबत गेलो तर फोकस त्याच्यावर येईचना. कोड उघडला. बटन नव्हतंच ते, साध्या डिव्हला रंग फासून बटनाचं सोंग दिलेलं. नुसत्या कीबोर्डवर काम करणाऱ्या अंध माणसाचं काम तिथेच खुंटलं. पान बनवणाऱ्या पोराला विचारलं, तर ‘माउसने चालतंय ना, सर?’ असं उत्तर मिळालं आणि मला माझे मास्तर आठवले.

ते भेटण्याआधीच्या नव्वदीबद्दल बोलण्यासारखं फार नाही. टेबलात टेबल कोंबून पानं उभी करायची. क्लासवाले सणसणीत फी घेऊन तेवढंच शिकवत आणि वर सर्टिफिकेट देत.

माझं खरं शिक्षण झालं सायबर कॅफेत. मे २००३ मध्ये कॅनडातल्या डेव्ह शे यांनी ‘सीएसएस झेन गार्डन’ सुरू केली. एचटीएमएल एकच, त्यातलं अक्षरही हलवायचं नाही. फक्त स्टाइलशीट बदलायची, की तेच पान ओळखू येऊ नये इतकं पालटायचं. ‘व्ह्यू सोर्स’ करायचं, फाइल फ्लॉपीवर घ्यायची आणि घरी एकेक ओळ खोडून काय कोसळतं ते बघायचं. पैसे लागायचे ते फक्त कॅफेवाल्याच्या तासाचे.

इंटरनेट एक्सप्लोरर ६ आला २००१ मध्ये, सातवा थेट २००६ च्या ऑक्टोबरात. मधली पाच वर्षं आम्ही त्याचे नखरे काढण्यात घालवली. डावीकडे फ्लोट केलेल्या खोक्याला डावा समास दहा पिक्सेल दिला की हा वीस द्यायचा! उतारा काय, तर ‘डिस्प्ले: इनलाइन’. तर्काला न पटणारा, पण हमखास लागू पडणारा. असे उतारे शोधणारे लोक ते फुकट लिहून ठेवत, आणि ‘असं का होतं’ हेही समजावत. जेफ्री झेल्डमन यांच्या ‘अ लिस्ट अपार्ट’मधले लेख तर मी प्रिंट काढून बसमध्ये वाचलेत. याउलट डब्ल्यूथ्रीस्कूल्स! नावावरून निम्म्या जगाला ती डब्ल्यूथ्रीसीचीच शाखा वाटायची, प्रत्यक्षात ती नॉर्वेतल्या एका खासगी कंपनीची. उदाहरण उचला आणि चिकटवा, कारण विचारू नका. आजची आयतं उचलायची सवय तिथूनच लागली असं माझं मत आहे, कुणाला राग आला तर येवो.

मार्क पिल्ग्रिम यांचा मात्र मी कायमचा ऋणी. २००२ मध्ये त्यांनी ‘डाइव्ह इन्टू अ‍ॅक्सेसिबिलिटी’त नियमांची जंत्री न देता आधी माणसं उभी केली. अंध माणूस तुमचं पान कसं वाचतो हे मला तिथे कळलं. ऑक्टोबर २०११ मध्ये याच गृहस्थांनी आपल्या सगळ्या साइट एकाएकी पुसून टाकल्या. त्यांतल्या ‘डाइव्ह इन्टू एचटीएमएल५’चा परवाना खुला होता, म्हणून लोकांनी तिच्या प्रती दुसरीकडे उभ्या केल्या.

ब्राउझरांनी वेबचे नियम पाळावेत म्हणून झटणाऱ्या ‘वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट’ने मार्च २०१३ मध्ये काम फत्ते झालं म्हणत पंधरा वर्षांचा गाशा गुंडाळला. फत्ते? २०१९ मध्ये साइट अपंगांनाही वापरता याव्यात म्हणून काम करणाऱ्या वेबएमने दहा लाख मुखपृष्ठं तपासली, तर ९७.८ टक्के पानांवर अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या चुका सापडल्या. पुढे फुकट शिकवणाऱ्यांवरही पाळी आली. २०२० मध्ये मोझिलाने सुमारे अडीचशे लोक कमी केले आणि त्याची झळ त्यांची एमडीएन ही वेब शिकवणारी फुकट साइट लिहिणाऱ्यांनाही लागली. याच लोकांचं लिखाण गिळून आजची यंत्रं उत्तरं देतात, आणि मूळ पानावर कुणी फिरकत नाही.

मराठी पानांचे हाल तर विचारूच नका. इंग्रजी साचा उचलतात, ‘लेटर-स्पेसिंग’ तसंच ठेवतात आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात. ‘लाइन-हाइट’ इंग्रजीच्या मापाची, त्यामुळे वेलांट्या वरच्या ओळीतल्या उकारांत घुसतात. पानाची भाषा सांगणाऱ्या ‘लँग’मध्ये इंग्रजीच लिहिलेलं, मग अंधांना पान वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर अडखळतो, नाहीतर गप्पच बसतो. तिन्हींचे उपाय एकेका ओळीचे आहेत आणि एमडीएनवर फुकट वाचायला मिळतात. फ्रेंच, जपानी, कोरियनमध्येसुद्धा. मराठीत नाहीत, आणि कोडिंगचे क्लास आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत.