पुसलेली साडेअठरा मिनिटं

आई-बाबांच्या कपाटात एखादी जुनी, घरी भरलेली कॅसेट सापडली तर तिची मागची कड पाहा. दोन टोकांना प्लॅस्टिकच्या दोन चिमुकल्या पट्ट्या दिसतील. आवडीचं रेकॉर्डिंग चुकून पुसलं जाऊ नये म्हणून त्या मोडून टाकायच्या असत. लहानपणी मला हे कुठलं माहीत! आजीच्या ओव्यांच्या कॅसेटवर मी लाल बटण दाबून पाढे म्हटले आणि ओव्या गेल्या.

गेल्या म्हणजे कुठे? टेपच्या तपकिरी फितीवर लोखंडाच्या ऑक्साइडचे, म्हणजे जवळजवळ गंजाचेच, बारीक कण असतात. आवाजाची वीज होते, विजेचं चुंबकत्व होतं आणि त्या कणांवर ठसा उमटतो. नवं भरताना यंत्र आधी जुना ठसा पुसतं, बरं का!

फीत कापून जोडताही येते. अमेरिकन गायक बिंग क्रॉस्बी १९४७ पासून आपला रेडिओ कार्यक्रम आधीच टेपवर भरू लागला. चुकलेला भाग कापून टाकला की झालं! १९६६ मध्ये बीटल्सनी तर फितीची गोल वेटोळी फिरवत ठेवून त्यांचे आवाज गाण्यात मिसळले.

हीच फीत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांना मात्र भोवली. १९७१ मध्ये त्यांनी आपल्या कार्यालयात गुपचूप टेपरेकॉर्डर बसवून घेतले. १७ जून १९७२ ला वॉटरगेट इमारतीत, विरोधी पक्षाच्या कार्यालयात चोरून शिरलेली पाच माणसं पकडली गेली. चौकशीत १९७३ साली टेपचं गुपित फुटलं. न्यायालयाने टेप मागवल्या, तर २० जून १९७२ च्या टेपवर साडेअठरा मिनिटं नुसती घरघर! निक्सन यांच्या सेक्रेटरी म्हणाल्या, फोनवर बोलता बोलता माझ्याकडून पाचेक मिनिटं पुसली गेली असतील. मग बाकीची? तज्ज्ञांनी तपासलं. तो भाग निदान पाच वेळा पुसलेला निघाला. कुणी पुसला, ते कळलंच नाही.

पण २३ जूनची टेप शाबूत होती. चौकशी थांबवायचा बेत, तोही खुद्द निक्सन यांच्या आवाजात! ९ ऑगस्ट १९७४ ला त्यांनी पद सोडलं.

पुसलेलं बोलणं परत मिळवायचा अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने पुष्कळ प्रयत्न केला. २००३ मध्ये त्यांनी हात टेकले. पुढेमागे नवं तंत्र निघेल या आशेने ती टेप मात्र जपून ठेवायचं ठरलं.