शिक्षा नव्हे, संरक्षण

देवमामलेदार यशवंतराव महाराजांच्या यात्रेस नामपुराहून सटाण्यास जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांची पहिली धाव पाळण्यांकडे असते. अशा आनंदस्थळी एखादा मद्यधुंद इसम रांगेवरून हात उगारू लागला, तर पाळणेवाल्यांनी काय करावे? चोप द्यावा, हे लोकप्रिय उत्तर सर्वथा घातक होय. कारण मारामारी गर्दीत पसरली की चेंगराचेंगरीस वेळ लागत नाही. प्रथम पाळणा सावकाश थांबवून माणसे उतरवावीत, मुलांना दूर न्यावे, दोघांनी मिळून त्या इसमास शांत पण ठाम शब्दांत आवरावे आणि ११२ क्रमांकावर पोलिसांस पाचारण करावे. भारतीय न्याय संहिता, २०२३ स्वसंरक्षणाचा हक्क देते. आवश्यकतेहून अधिक इजा करण्याची मुभा देत नाही. डोळ्यांदेखत दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्यास सामान्य नागरिकही पकडू शकतो. मात्र त्यास विनाविलंब, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या स्वाधीन केलेच पाहिजे. हे सारे ऐनवेळी सुचत नाही, आधी शिकवावे लागते. हाती काठी दिल्याने कोणी रक्षक होत नाही. तिकिटाचे पैसे घेणाऱ्या मालकाने हे शिक्षण देणे उपकार नव्हे, कर्तव्य होय.