गोडावणाच्या माळावर

बेलापूर परिसरातील आपल्या अनेक घराण्यांचे मूळ मारवाडात आहे. लग्नकार्य वा तीर्थयात्रेच्या निमित्ताने आपण राजस्थानात जातो. जैसलमेरच्या किल्ल्यातील जिनमंदिरे व लोद्रव्याच्या पार्श्वनाथांचे दर्शन घेऊन परततो. गतवर्षी आम्ही सहकुटुंब तेथून थोडे पुढे, मरुभूमी राष्ट्रीय उद्यानात गेलो.

जैसलमेर व बाडमेर जिल्ह्यांत पसरलेल्या या ३,१६२ चौरस किलोमीटर क्षेत्राला १९८० मध्ये संरक्षण मिळाले. वाळवंट म्हणजे नुसती वाळू, हा आमचा समज येथे दूर झाला. वाळूच्या टेकड्या साधारण एक-पंचमांश भागातच आहेत. उरलेल्या भागात खडकाळ उंचवटे, मुरमाड माळ आणि सेवण गवत. जैसलमेरजवळच्या आकल येथे तर सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या वृक्षांचे दगड झालेले ओंडके पाहावयास मिळतात.

सुदासरीच्या माळावर चिंकारा दिसले आणि दुर्बिणीतून, क्षणभरच, मान उंचावून चालणारा गोडावण. हाच आपला माळढोक. आज देशात तो जेमतेम दीडशेच्या घरात उरला आहे. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. डोळे बाजूंना असल्याने समोरच्या वीजतारा त्याला वेळेवर दिसत नाहीत आणि जड देह झटकन वळत नाही.

परतताना वाटेवर काही भुकेली कुत्री दिसली. मी बिस्किटांचा पुडा फोडला, तोच वाटाड्याने हात जोडून थांबवले. ‘‘शेठजी, यांना येथे खाऊ घालाल तर ही येथेच राहतील, आणि गोडावणाची अंडी खातील.’’ मी ओशाळलो. जीवदया म्हणून जे करू पाहत होतो, त्यातून एका दुर्मीळ जीवाची हिंसा घडली असती. दयेच्या आधी ज्ञान हवे, ही आपल्या आगमांची शिकवण त्या माळावर नव्याने उमगली.

घरी आल्यावर आणखी एक गोष्ट मनाला लागली. १९७९ मध्ये घोषित झालेल्या माळढोक अभयारण्यात सोलापूरबरोबर आपल्या जिल्ह्यातील कर्जत, श्रीगोंदे आणि शेजारच्या नेवासे तालुक्यातील माळरानेही होती. ते क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटरवरून पुढे सुमारे १,२२२ वर आले. जो पक्षी पाहण्यास आम्ही इतक्या दूर गेलो, तो एके काळी आपल्याच माळांवर नांदत होता!

नोव्हेंबर ते मार्च हा काळ जाण्यास उत्तम. चौविहार पाळणाऱ्यांनी भोजन बरोबर न्यावे, सूर्यास्तापूर्वी आटोपावे आणि उरलेला कण न् कण परत आणावा. गाडी ठरलेली वाट सोडून नेऊ नये. त्या माळावर एवढा संयम पाळला, तरी ती मोठीच जीवदया होईल.