चिन्ह आपलं, तर फाईलही आपल्याकडे हवी

मागच्या दिवाळीआधी आमच्या गटानं शेंगदाणा चटणीच्या पाकिटांसाठी हजार लेबलं छापून घेतली. चिन्ह आपलं जुनंच, जात्याचं. पण फाईल म्हणजे मोबाईलवर इकडून तिकडे फिरलेला फोटो. लेबलं आली तर जात्याच्या कडा करवतीसारख्या आणि अक्षरं पुसट. पैसे गेलेच, वर ऐन सणात आठ दिवस माल पडून राहिला. मग आम्ही हा विषय नीट समजून घेतला.

जेपीजी फोटो ठिपक्यांचा बनलेला असतो. चांगल्या छपाईला एका इंचात साधारण ३०० ठिपके लागतात. आमचं चित्र ३०० ठिपके रुंद, म्हणजे एक इंचापुरतं. आम्ही ते तीन इंच केलं. ठिपके तेवढेच राहिले, नुसते ताणले गेले.

व्हेक्टर फाईलमध्ये ठिपके नसतात. रेघ कुठून कुठे जाते, कशी वळते, रंग कोणता, याची मापं असतात. शिवलेला ब्लाउज ताणून मोठा होत नाही, पण बेतायची रीत ठाऊक असली की लहान-मोठा कोणताही बेतता येतो. तसंच हे. एकाच फाईलवरून लेबलही होतं आणि प्रदर्शनाचा फ्लेक्सही.

आता जुन्या चिन्हाचं काय करायचं? आधी ज्यांनी ते काढलं त्यांच्याकडे मूळ सीडीआर किंवा एआय फाईल आहे का, ते विचारा. नसेल तर जुनं स्वच्छ छापील लेबल शोधून स्कॅन करा. कोरलड्रॉ किंवा मोफत मिळणाऱ्या इंकस्केपमध्ये संगणक चित्राच्या कडा ओळखून रेघा काढतो, त्याला ट्रेस म्हणतात. दोन-तीन रंगांचं साधं चिन्ह असेल तर हे जमतं. चित्र फारच अस्पष्ट असेल तर त्यावरून हातानं गिरवून घ्यावं लागतं.

अक्षरं मात्र ट्रेस करू नका, नव्यानं टाईप करून घ्या. आमच्या पहिल्या नमुन्यात अनुस्वार उडाला आणि ‘शेंगदाणा’चा ‘शेगदाणा’ झाला! एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर दोघींनी मिळून तपासा. शेवटी अक्षरं कर्व्हमध्ये बदलायला सांगा, नाहीतर दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला की अक्षरं बिघडतात.

एक फसगत टाळा. फोटो पीडीएफमध्ये टाकला म्हणून तो व्हेक्टर होत नाही. फाईल पडद्यावर आठपट मोठी करून बघा. कडा गुळगुळीत राहिल्या तरच काम झालं. आणि हे चिन्हासाठी. चटणीचा फोटो फोटोच राहतो, तो मोठ्या आकाराचा मूळ फोटो द्या.

पैसे देतानाच एसव्हीजी आणि पीडीएफ दोन्ही फाईली मागून घ्या. एक प्रत पेनड्राइव्हमध्ये, एक गटाच्या ईमेलवर ठेवा. व्हॉट्सअॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि हजार छापण्याआधी एक नमुना हातात घेऊन बघा.

गटाचं पासबुक आपण दुसऱ्याच्या घरी ठेवत नाही. मग चिन्हाची फाईल तरी का ठेवायची? येत्या बैठकीत विचारा, आपली फाईल कुणाकडे आहे?