जपानमधील सहायक भाषा-शिक्षक : पात्रतेविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

जपानच्या शाळांमध्ये भाषेच्या तासाला साहाय्य करण्यासाठी परदेशी पदवीधरांना बोलावणारी ‘जेट’ ही योजना १९८७ मध्ये अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांतील ८४८ जणांसह सुरू झाली, आणि आज तिच्यात भारतासह अनेक देशांचे नागरिक सहभागी होतात. योजनेतील बहुसंख्य पदे सहायक भाषा-शिक्षकाची, म्हणजे जपानी शिक्षकाच्या जोडीने मुख्यतः इंग्रजी शिकवणाऱ्याची असतात. या पदासाठी काय लागते याविषयीच्या ऐकीव समजुतींमुळे पात्र व्यक्ती अर्जापासून दूर राहतात किंवा भलत्याच तयारीत वेळ दवडतात. म्हणून त्या समजुती एकेक करून तपासणे अगत्याचे आहे.

गैरसमज १ : जपानी भाषेची परीक्षा उत्तीर्ण झाल्याखेरीज अर्ज करता येत नाही.

वस्तुस्थिती : सहायक भाषा-शिक्षकासाठी जपानीचे ज्ञान ही अट नाही; जपानविषयी खरी आस्था मात्र अपेक्षित असते आणि ती अर्जासोबतच्या निवेदनातून व मुलाखतीतून पारखली जाते. उत्तम जपानी लागते ती योजनेतील दुसऱ्या पदाला, म्हणजे स्थानिक शासनाच्या कार्यालयात भाषांतर, दुभाषेपण आणि सांस्कृतिक उपक्रम सांभाळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संबंध समन्वयकाच्या पदाला. पुण्या-मुंबईत जपानी शिकणाऱ्यांनी हा भेद आधीच ध्यानी घ्यावा, कारण अर्ज कोणत्या पदासाठी केला यावर पुढची सारी तयारी अवलंबून असते.

गैरसमज २ : बी.एड. किंवा अध्यापनाचा अनुभव अनिवार्य आहे.

वस्तुस्थिती : जपानला रुजू होण्यापूर्वी कोणत्याही विषयाची पदवी हाती असणे सर्वसाधारणपणे पुरते, अध्यापनाचा अनुभव जमेचा धरला जातो, पण त्यावाचून अर्ज अडत नाही. याचे कारण पदाच्या स्वरूपातच आहे. वर्गाची आणि मूल्यमापनाची जबाबदारी जपानी शिक्षकाकडे असते, तर सहायकाने त्या शिक्षकासोबत तास घ्यायचा असतो, ज्याला सहअध्यापन म्हणतात. प्राथमिक शाळेच्या पाचवीच्या वर्गात उपाहारगृहाचा पाठ चालू असेल, तर वर्गशिक्षक गिऱ्हाईक होतो, सहायक वाढपी होऊन ‘व्हॉट वुड यू लाइक?’ असे विचारतो, दोघे तो संवाद दोनदा सावकाश करून दाखवतात आणि मग मुले जोड्यांनी तोच संवाद आपल्या आवडीचे पदार्थ घालून म्हणतात. ४५ मिनिटांच्या त्या तासात सहायकाचे कौशल्य व्याकरण समजावण्यात नसून संकोची मुलाचे ओठ हलवण्यात असते. २०२० पासून पाचवी-सहावीला परकी भाषा हा रीतसर विषय झाल्यामुळे प्राथमिक शाळांतील या कामाचे महत्त्व अधिकच वाढले आहे.

गैरसमज ३ : इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचीच निवड होते.

वस्तुस्थिती : निकष मातृभाषेचा नसून प्रभुत्वाचा आहे : उच्चार, लय आणि आघात प्रमाण भाषेला धरून असावेत आणि लेखन अचूक व तर्कशुद्ध असावे, असे त्याचे स्वरूप आहे. मराठी भाषकाला येथे एक लाभ आहे आणि एक अडचणही. जपानीत ‘र’ आणि ‘ल’ हे वेगळे ध्वनी मानले जात नसल्याने ‘राइट’ आणि ‘लाइट’ यांतील फरक जपानी मुलांना अवघड जातो, तर मराठी माणसाला तो उपजतच कळतो. उलट ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ या दोन शब्दांच्या आरंभी इंग्रजीत असलेले दोन निराळे ध्वनी मराठी बोलण्यात पुष्कळदा एकाच ‘व’मध्ये मिसळतात. जिथे आपली जीभ चुकते ते ओळखून तेवढे सुधारणे हीच येथे उपयुक्त तयारी ठरते, आणि त्यासाठी परक्या धाटणीची नक्कल करण्याचे कारण नाही.

गैरसमज ४ : ज्या देशात वास्तव्य आहे, त्या देशातून अर्ज करता येतो.

वस्तुस्थिती : अर्ज नागरिकत्व असलेल्या देशाचा उमेदवार म्हणूनच करावा लागतो. अमेरिकेत ग्रीन कार्डावर, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्यावर राहणारी मराठी व्यक्ती भारतीय नागरिक असेल, तर तिला अमेरिकेच्या अर्जदारांत धरले जात नाही.

गैरसमज ५ : निवड झाली की टोकियो मिळते आणि सारा खर्च भागवला जातो.

वस्तुस्थिती : अर्जात ठिकाणाची पसंती नोंदवता येते, पण ती मान्य होईलच असे नाही, आणि अनेक नेमणुका लहान गावांत, डोंगराळ भागांत वा बेटांवर होतात. नियोक्ता बहुधा प्रांताचे, शहराचे किंवा गावाचे स्थानिक शासन असते. जपानला जाण्याचे विमानभाडे मिळते, परंतु घरभाडे सामान्यतः वेतनातूनच द्यावे लागते आणि त्यातील सवलत ठिकाणागणिक बदलते. करार एका वर्षाचा असून उभयपक्षी संमतीने तो कमाल पाच वर्षांपर्यंत वाढवता येतो.

या साऱ्या गैरसमजांच्या मुळाशी पदनामातील ‘सहायक’ या शब्दाकडे झालेले दुर्लक्ष आहे. दुसऱ्याच्या वर्गात, त्याच्या योजनेनुसार आणि नेमून दिलेल्या गावी मनापासून काम करण्याची तयारी ही कोणत्याही प्रमाणपत्रावर नोंदली जात नाही. पण आपण ती कशी दाखवू शकतो हे ज्याला निवेदनात आपल्या अनुभवातील दाखल्यांनिशी मांडता येते, त्याने पात्रतेची सर्वांत अवघड बाजू सांभाळलेली असते.