तिवरांखालच्या त्या काड्या कसल्या?

ठाणे खाडीच्या काठाने चालायला किंवा सायकल घेऊन गेलात, तर ओहोटीला तिवरांखाली जरा बघा. चिखलातून पेन्सिलीएवढ्या काड्या वर आलेल्या दिसतील. रोपं वाटतात ना? ती तिवराची श्वसनमुळं! खाडीच्या चिखलात थोडं खाली गेलं की ऑक्सिजन जवळपास नसतोच. म्हणून ही मुळं वर वाढतात, सालीवरच्या बारीक छिद्रांतून हवा घेतात आणि खालच्या मुळांना पोहोचवतात. फोटोसाठी पायवाट सोडलीत की काड्या मोडतात. त्यांच्यावर राडारोडा पडला तर झाड उभ्या उभ्या गुदमरतं. खाडीचा काही भाग २०१५मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२मध्ये रामसर स्थळ. पण काड्या वाचतात त्या तुम्ही वाटेवरून चाललात तरच.